ट्रॅक १ वरचं कुलूप : एका अमिगा डिस्कचं प्रकरण

"डिस्क मेली आहे. हवी तर ठेव, नाहीतर टाकून दे." दोन फ्लॉपी माझ्या हातात देताना मित्र एवढंच म्हणाला. १९९० च्या सुमाराचा, अमिगा ५०० या घरगुती संगणकासाठीचा खेळ, छापील लेबलासकट मूळ डिस्कांवर. लहानपणी त्याने आणि त्याच्या भावाने तो महिनोनमहिने खेळला होता. खेळाचं नाव मुद्दाम देत नाही. त्या काळच्या बऱ्याच खेळांना नक्कल रोखणारं हेच कुलूप होतं, आणि मला सांगायचं आहे ते त्या कुलपाबद्दल.

मित्राने प्रयत्न केला नव्हता असं नाही. ग्रीसवीझल हा छोटा बोर्ड त्याने मिळवला होता. किअर फ्रेझर यांनी बनवलेलं हे खुलं हार्डवेअर एका बाजूने यूएसबीला आणि दुसऱ्या बाजूने साध्या पीसीच्या साडेतीन इंची ड्राइव्हला जोडता येतं. त्याने डिस्क वाचून थेट एडीएफ फाइल, म्हणजे डिस्कची प्रत, बनवली, ती विनयूएई या एम्युलेटरला, म्हणजे पीसीवर अमिगाचं सोंग वठवणाऱ्या प्रोग्रॅमला दिली, आणि काळ्या पडद्यावर ड्राइव्हची टकटक ऐकत बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. वाचताना पडद्यावर आलेली नोंद मात्र त्याने जपून ठेवली होती. ती बघताच मला शंका आली, कारण ती मेलेल्या डिस्कची नोंद नव्हती.

खराब झालेली डिस्क कशी दिसते हे एकदा बघितलं की विसरत नाही. एका ट्रॅकवर (डिस्कवरच्या एका गोल पट्टीवर) ११ पैकी ९ सेक्टर (त्या पट्टीचे तुकडे) मिळतात, पुढच्यावर ११, मग अचानक ४. नुकसान विखुरलेलं असतं, बुरशीच्या डागासारखं. मित्राच्या नोंदीत ट्रॅक ० वर ११ पैकी ११ होते आणि त्यानंतर ट्रॅक १ पासून १५९ पर्यंत सरसकट शून्य. इतकी शिस्तबद्ध नासधूस निसर्ग करत नाही. ट्रॅक ० सुटला होता, कारण अमिगाच्या रॉमला, म्हणजे मशीनमध्ये कायम बसवलेल्या प्रोग्रॅमला, सुरुवातीचा बूट ब्लॉक वाचता येईल अशा नेहमीच्या रूपात तिथे काहीतरी असावंच लागतं. पुढचं सगळं खेळ स्वतःच्या पद्धतीने वाचणार होता. आमच्या प्रोग्रॅमला ती भाषा येत नव्हती, इतकंच.

एडीएफमध्ये काय मावतं

एडीएफ फाइलचा आकार ठरलेला असतो : दर बाजूला ८० ट्रॅक, दोन बाजू, दर ट्रॅकला ११ सेक्टर, दर सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार ९,०१,१२० बाइट, म्हणजे ८८० केबी. या फाइलमध्ये फक्त उलगडलेला मजकूर असतो. सेक्टर ट्रॅकवर कुठे सुरू झाला, त्याच्या आधी कोणती खूण होती, तो वाचायला किती वेळ लागला, यातलं काहीही तिथे उरत नाही. पत्रातली अक्षरं उतरवून घ्यावीत आणि हस्ताक्षर, शाई, घड्या सगळं टाकून द्यावं, तसं. साध्या डिस्कसाठी ते पुरतं. इथे पुरेसं नव्हतं, कारण कुलूप नेमकं हस्ताक्षरात होतं.

अमिगाची रचनाच या कुलूपकारांच्या पथ्यावर पडणारी होती. पीसीमध्ये फ्लॉपीचा कंट्रोलर सेक्टरच्या हिशोबाने बोलतो. अमिगातली पॉला ही चिप मात्र कच्चे बिट जसेच्या तसे मेमरीत ओतते, आणि त्यांचा अर्थ लावायचं काम सॉफ्टवेअरवर सोडते. त्यामुळे खेळ बनवणारे ट्रॅकची मांडणी हवी तशी ठरवू शकत. आमच्या डिस्कवर ११ ऐवजी १२ सेक्टर कोंबलेले होते, म्हणजे दर ट्रॅकला ५,६३२ ऐवजी ६,१४४ बाइट. कॉपी रोखणं आणि जागा वाढवणं ही दोन्ही कामं एका फटक्यात होत.

म्हणून पहिलं काम ठरलं : अर्थ लावायचाच नाही. फ्लक्स वाचायचा. डिस्कवरचं चुंबकत्व जिथे दिशा बदलतं, त्या दोन बदलांमधलं अंतर वेळेत मोजायचं आणि फक्त तेवढंच नोंदवायचं. ग्रीसवीझल हेच करतो. एससीपी या फाइल प्रकारात ही अंतरं २५ नॅनोसेकंदांच्या मापाने साठवली जातात. वाचण्याआधी दोन्ही डिस्कांची लेखनबंदीची खिडकी उघडी आहे ना, ते पाहिलं. साडेतीन इंची डिस्कवर खिडकी उघडी म्हणजे लिहिता येत नाही. एका डिस्कवर ती बंद होती. मित्राने तशीच ती ड्राइव्हमध्ये घातली होती, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

दर ट्रॅकच्या पाच फेऱ्या घेतल्या. एक पुरली असती असं वाटेल, पण मी कधीच एकीवर थांबत नाही. कारण अटारी एसटी या त्याच काळच्या दुसऱ्या संगणकाचं आहे. १९८७ साली आलेल्या 'डंजन मास्टर' या खेळाच्या डिस्कवर काही बिट मुद्दाम सीमारेषेवर लिहिलेले होते. फ्लक्सचा बदल वाचनाच्या खिडकीच्या नेमका काठावर, त्यामुळे एका फेरीत तो बिट शून्य वाचला जाई, दुसऱ्या फेरीत एक. खेळ तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून बघे. दर वेळी सारखंच उत्तर आलं तर ही नक्कल आहे हे त्याला कळे. त्याच डिस्कवर एका सेक्टरला २४७ हा क्रमांक दिला होता. एसटीच्या डब्ल्यूडी १७७२ कंट्रोलरला ट्रॅक लिहिताना हा बाइट दिला की तो तो लिहीतच नाही, त्या जागी तपासणीची बेरीज (मजकूर बरोबर वाचला गेला का ते पडताळायची संख्या) लिहितो. म्हणजे घरच्या मशीनवर असा सेक्टर बनवताच येत नसे. इतकं सुंदर कुलूप मी क्वचित पाहिलं आहे. पण मुद्दा असा की एकाच फेरीची नोंद असे डळमळते बिट गोठवून टाकते, आणि मग ती प्रत कितीही काळजीने केलेली असली तरी नक्कलच ठरते.

आमच्या डिस्कची एससीपी फाइल एडीएफच्या कितीतरी पट मोठी झाली, कित्येक एमबींची. मित्राला आश्चर्य वाटलं. मला ते रास्त वाटलं. वेळ साठवायला जागा लागतेच.

ट्रॅक १

फ्लक्सचा आलेख (किती लांबीचं अंतर किती वेळा आलं त्याचा) काढला की साध्या अमिगा ट्रॅकवर तीन टोकदार शिखरं दिसतात : ४, ६ आणि ८ मायक्रोसेकंद. एका बिटच्या घराची लांबी २ मायक्रोसेकंद, डिस्कची एक फेरी २०० मिलिसेकंदांची, म्हणजे एका ट्रॅकवर सुमारे एक लाख घरं. ट्रॅक २ पासून पुढे अशीच तीन शिखरं होती, स्वच्छ. ट्रॅक १ वर मात्र प्रत्येक शिखराला दोन्ही बाजूंनी खांदे फुटलेले. चारच्या शेजारी ३.८ जवळ एक लहान उंचवटा आणि ४.२ जवळ दुसरा.

हे बघितल्यावर शोधायचं फारसं राहिलं नाही. हे रॉब नॉर्दन यांचं कॉपीलॉक नावाचं कुलूप होतं. त्याच्या ट्रॅकवर ११ सेक्टर असतात आणि प्रत्येकाची सुरुवातीची खूण वेगळी. अमिगाच्या नेहमीच्या डिस्कवर सगळ्यांची खूण एकच, सोळा अंकी पद्धतीत ४४८९. म्हणूनच आमच्या प्रोग्रॅमला इथे एकही सेक्टर दिसला नव्हता. एका सेक्टरमध्ये 'रॉब नॉर्दन कॉम्प' अशी सोळा अक्षरांची सहीसुद्धा असते, रोमन लिपीत. पण खरी गंमत वेळेत आहे. एक सेक्टर नेहमीपेक्षा सुमारे ५ टक्के आखूड बिटांनी लिहिलेला, दुसरा तितकाच लांब बिटांनी. खेळ सुरू होताना कोणता सेक्टर ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडखालून जायला किती वेळ लागला, ते मोजतो. एक सेक्टर जायला साधारण १७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हा फरक पुरता एक मिलिसेकंदही नाही. पण तो पुरतो. अमिगाचा स्वतःचा ड्राइव्ह एकाच ठरलेल्या गतीने लिहितो, ट्रॅकच्या मध्येच गती बदलणं त्याला जमत नाही. त्यामुळे कॉपी करणाऱ्याने मजकूर अक्षरशः जसाच्या तसा उतरवला तरी सगळे सेक्टर एकाच चालीने चालतात आणि चोरी उघडी पडते.

मजकूर बरोबर, पण चाल चुकली. माणूस ओळखायची ही फार जुनी पद्धत आहे.

फाइल बरोबर, तरी खेळ चालेना

आता एससीपी फाइल विनयूएईला दिली. हा एम्युलेटर ती थेट उघडतो. मित्र खुर्ची ओढून बसला. ट्रॅक ० वाचला, ट्रॅक १ वाचला आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. परत तेच. परत तेच.

इथे बहुतेक जण इमेजला दोष देऊन मोकळे होतात आणि इंटरनेटवर दुसरी शोधायला लागतात. मी तसं केलं नाही, कारण ट्रॅक १ चे खांदे मी डोळ्यांनी पाहिले होते. कुलूप फाइलमध्ये होतं. किल्ली फिरत नव्हती ती मशीनमध्ये. मित्राची मांडणी उघडून पाहिली. त्याने अमिगा १२०० निवडलं होतं, प्रोसेसर 'शक्य तितका वेगवान', फ्लॉपीचा वेग 'टर्बो'. चांगल्या हेतूनेच. जुना खेळ लवकर चालू व्हावा म्हणून.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. नाहीतर शेवटी खेळ चालतो, पण कशामुळे ते कळत नाही.

आधी फ्लॉपीचा वेग १०० टक्क्यांवर आणला. टर्बोमध्ये एम्युलेटर डिस्क फिरण्याची वाटच बघत नाही. मागितलेले बिट तत्काळ मेमरीत टाकतो. ज्या प्रोग्रॅमचा सगळा भरवसा सेक्टर जायला लागणाऱ्या वेळेवर आहे, त्याला हा वेगच मारक. बदल केल्यावर खेळ जरा पुढे गेला. ट्रॅक १ दोनदा वाचला, मग पडदा गोठला. प्रगतीच म्हणायची, कारण चुकण्याची जागा बदलली होती.

मग प्रोसेसर. कॉपीलॉकची तपासणी उघड्या सूचनांनी लिहिलेली नसते. ती सांकेतिक असते आणि ६८००० प्रोसेसरची ट्रेस सोय (दर सूचनेनंतर थांबण्याची) वापरून एक एक सूचना चालवायच्या क्षणी उलगडते, चालली की पुन्हा झाकते. मधे थांबून कुणी मेमरी पाहिली तर त्याला एकच सूचना उघडी दिसावी म्हणून. पण ६८०१० पासून पुढच्या प्रोसेसरांनी अपवाद घडल्यावर, म्हणजे असं मधेच थांबल्यावर, स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या नोंदवहीत) ठेवायच्या नोंदीचा आकार बदलला. अमिगा १२०० मधल्या ६८ईसी०२० ला तर २५६ बाइटची सूचनांची कॅश, म्हणजे जलद तात्पुरती साठवण, आहे; ती सूचनेचं जुनं, झाकलेलं रूप धरून बसू शकते आणि मेमरीत बदललेलं तिला कळतही नाही. कॉपीलॉकच्या काही आवृत्त्या यातून वाचतात, काही नाही. आमची वाचणाऱ्यांतली नव्हती. सरळ अमिगा ५०० निवडलं : किकस्टार्ट (अमिगाचा रॉम) १.३, ५१२ केबी चिप मेमरी, ५१२ केबी स्लो मेमरी, फास्ट मेमरी शून्य, आणि प्रोसेसरचं एकेक चक्र नेमकं मोजणारी सेटिंग चालू. हे करताना एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. किकस्टार्ट रॉमवर आजही हक्क आहे आणि तो क्लोआंटो या कंपनीच्या अमिगा फॉरेव्हर या संचात रीतसर मिळतो. एम्युलेटरसोबत येणारा पर्यायी एआरओएस रॉम पुष्कळ ठिकाणी चालतो, पण असल्या खेळांच्या बाबतीत मी त्याच्यावर विसंबत नाही.

या वेळी ट्रॅक १ वाचला गेला, क्षणभर शांतता, आणि मग प्रकाशकाचं चित्र आलं. मित्र काहीच बोलला नाही. मीही नाही.

तिसरी अडचण कुलपाची नव्हती

पहिले दोन टप्पे नीट चालले. तिसरा भरताना खेळ अडला आणि ड्राइव्ह एकाच जागी घुटमळत राहिला. आता मात्र खरंच डिस्क दुखत होती. फ्लक्सच्या आलेखात ट्रॅक १०६ ची तिन्ही शिखरं पसरट झालेली, एकमेकांत मिसळलेली. डिस्कची सरकती झडप बाजूला करून उजेडात तिरकी धरली तर पृष्ठभागावर फिकट वर्तुळाचा तुकडा दिसत होता. बुरशी.

बुरशी आलेली डिस्क न पुसता फिरवणं म्हणजे हेडला ती फासणं, आणि पुढच्या प्रत्येक डिस्कला ती वाटणं. मी आधीच ती तशीच फिरवून चूक केली होती. ड्राइव्हचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, मग लिंट न सुटणाऱ्या बोळ्याने डिस्कची ती बाजू, मधली चकती बोटाने हळूहळू फिरवत. घासायचं नाही, टेकवायचं. पूर्ण वाळू दिली. नंतरच्या वाचनात पाचपैकी चौथ्या फेरीला ट्रॅकमधल्या सगळ्या सेक्टरांची बेरीज जुळली. इतर फेऱ्यांत एखाददुसरा सेक्टर निसटत होता. पाच फेऱ्या घेण्याचं हे दुसरं कारण.

इथे एक प्रश्न रास्त आहे : खेळाने स्वतः ठरवलेल्या मांडणीचा ट्रॅक बरोबर वाचला गेला हे आपल्याला कसं कळणार? आपल्याला नाही कळत. ती मांडणी ओळखणाऱ्या साधनाला कळतं. किअर फ्रेझर यांच्याच डिस्क-अॅनालाइझ या प्रोग्रॅममध्ये अशा अनेक मांडण्यांची जाण आहे. प्रत्येक ट्रॅक कोणत्या पद्धतीचा आहे ते तो सांगतो आणि त्या पद्धतीची बेरीज तपासतो. त्याने आमच्या डिस्कच्या ट्रॅक १ पुढे कॉपीलॉक असं लिहिलं, बाकीच्यांपुढे १२ सेक्टरवाली मांडणी. एकच ट्रॅक विचित्र निघाला, शेवटचा, १५९.

त्यावरचा मजकूर वाचता येत होता, बेरीजही जुळत होती. पण कारखान्यात लिहिलेले ट्रॅक डिस्कच्या इंडेक्स खुणेपासून (फेरी कुठे सुरू होते ते दाखवणाऱ्या) ठरावीक कोनावर सुरू होत होते, आणि हा भलत्याच जागी. शिवाय शेवट आणि सुरुवात जिथे जुळते तिथे खरबरीत सांधा होता. अमिगाचा ड्राइव्ह लिहिताना इंडेक्सची वाट बघत नाही, म्हणून घरी लिहिलेल्या ट्रॅकचा सांधा कुठेही पडतो. म्हणजे हा ट्रॅक कुणीतरी घरी लिहिला होता. मी मित्राला विचारलं, या खेळात काही साठवायची सोय होती का? तो थोडा वेळ आठवत राहिला. "सर्वाधिक गुणांची यादी," तो म्हणाला.

पर्याय आणि माझं मत

मित्राने मधल्या काळात त्याच खेळाची कुलूप तोडलेली एडीएफ मिळवली होती. ती लगेच सुरू व्हायची आणि चौथ्या टप्प्यावर लटकायची. ही गोष्ट नेहमीची आहे. कॉपीलॉक तपासणीच्या शेवटी एक संख्या देतं आणि खेळ ती नंतर कुठेतरी वापरतो, मजकूर उलगडायला किंवा गुपचूप पुन्हा पडताळायला. दारावरचं कुलूप काढणाऱ्याला घरातल्या तिजोरीचा पत्ता नसला की असं होतं. कुलूप तोडणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. कित्येक खेळ आज त्यांच्यामुळेच उरले आहेत. ज्याला फक्त खेळायचं आहे, त्याच्यासाठी डब्ल्यूएचडीलोड हा काळजीने केलेला मार्गही आहे; त्यात खेळ हार्ड डिस्कवरून चालतो आणि तपासण्या एकेक करून हाताळलेल्या असतात. पण मूळ डिस्क हातात असताना मला तोडफोड नको होती. फ्लक्सच्या वाटेने आम्ही कुलूप उघडलं नाही की फोडलं नाही. ते होतं तसं सोबत आणलं, आणि खेळाने स्वतःच ते तपासून आत घेतलं.

कायद्याच्या अंगाने हा फरक किती मोठा, ते देशागणिक बदलतं. अमेरिकेत २००३ साली लायब्ररियन ऑफ काँग्रेसने (तिथल्या संसदेच्या ग्रंथालयाच्या प्रमुखाने) कालबाह्य माध्यमांवरच्या, मूळ डिस्क किंवा यंत्र असल्याशिवाय न उघडणाऱ्या प्रोग्रॅम आणि व्हिडिओ गेमना संरक्षण ओलांडण्याच्या बंदीतून सूट दिली. २००६ मध्ये ती ग्रंथालयं आणि अभिलेखागारांच्या जतनकार्यापुरती ठेवली. अशा सवलतीने हक्क मात्र कुणाचेही संपत नाहीत. आम्ही आमच्या डिस्कची फाइल कुणाला दिलेली नाही.

शेवटी तीन गोष्टी ठेवल्या : दोन्ही डिस्कांच्या एससीपी फाइली, कुणी हात न लावलेल्या, वाचनाच्या नोंदी, कोणत्या ट्रॅकसाठी कोणती फेरी चांगली निघाली त्यासकट, आणि खेळण्यासाठी त्यांच्यापासून बनवलेल्या आयपीएफ फाइली. आयपीएफ हा सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन सोसायटीने आणलेला प्रकार आहे. त्यात ट्रॅकची मांडणी आणि बिटांची चाल दोन्ही नोंदलेली असतात, आणि फाइल एससीपीपेक्षा खूप लहान असते. तिच्यात लिहिता येत नाही. खेळाने डिस्कवर काही लिहिलं, तर विनयूएई ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो.

हे पारखायला मित्राला खेळायला बसवलं. तिसऱ्या टप्प्यात तो मेला, पण यादीत येण्याइतके गुण झाले होते. पडद्यावर यादी उघडली. वरच्या पाच ओळींत दोनच नावं आळीपाळीने, तीन-तीन रोमन अक्षरांची : त्याचं आणि भावाचं. खाली सहाव्या जागी कर्सर लुकलुकत होता. त्याने अक्षरं भरली, आणि नवी नोंद शेजारच्या फाइलमध्ये गेली. मी ट्रॅक १५९ पुन्हा तपासला. तो होता तसाच होता, आडव्या सांध्यासकट.